बाबांचे मोजमाप पुस्तक

वडिलांचे आयुष्य त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून काढावे असे आम्हा भावंडांचे ठरले, तेव्हा त्यांनी पंचाऐंशी ओलांडली होती. काम माझ्याकडे आले, कारण मी नुकतीच नोकरीतून निवृत्त झाले होते आणि बाबा माझ्याकडेच राहत होते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून स्थापत्य शाखेची पदवी, पाटबंधारे खात्यात नोकरी, चीनच्या आक्रमणानंतर सैन्यात आपत्कालीन कमिशन (त्या काळापुरती अधिकारीपदाची नेमणूक), १९६५ चे युद्ध, पुन्हा पाटबंधारे खाते आणि तिथूनच निवृत्ती, एवढा सांगाडा घरात लहानथोर सगळ्यांना पाठ होता. त्यापलीकडे आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नाही, हे लिहायला बसल्यावर लक्षात आले.

सुरुवात मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून केली. फोन समोर ठेवला की बाबा खुर्चीत ताठ बसत, घसा साफ करत आणि एखाद्या सहकाऱ्याच्या निरोप समारंभात बोलावे तसे बोलू लागत. 'वरिष्ठांचे मोलाचे मार्गदर्शन लाभले', 'सर्व कर्मचाऱ्यांचे सहकार्य मिळाले' अशी वाक्ये एकामागून एक येत आणि त्यांतून हाती काहीच लागत नसे. मध्येच थांबवून "बाबा, युद्धात तुम्ही नेमकं काय केलंत?" असे विचारले की "सांगितलं ते केलं" एवढे उत्तर मिळे. काही दिवस असे गेल्यावर तेच म्हणाले, "अगं, तू हे कुठल्या स्केलला लिहिणार आहेस ते आधी ठरव." मला वाटले चेष्टा करताहेत, पण ते गंभीर होते. नकाशाचे प्रमाण ठरल्याशिवाय त्यात काय दाखवायचे आणि काय गाळायचे हे ठरत नाही. एका इंचाला चार मैल घेतलेस तर माझे सगळे आयुष्य एका पानात बसेल आणि घरात कोणी ते वाचणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

मग आम्ही माळ्यावरची काळी लोखंडी पेटी खाली काढली. तिच्या झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने त्यांचे नाव, हुद्दा आणि 'ईसी' या अक्षरांनी सुरू होणारा सैन्यातला क्रमांक रंगवलेला आहे. आपत्कालीन कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांचे क्रमांक तसे असत. आत कमिशनची सनद, सेवामुक्तीचा आदेश, फील्ड मेसेज बुक, धरणावरच्या कामाच्या लेव्हल बुकांचा, म्हणजे जमिनीच्या पातळीची वाचने लिहायच्या वह्यांचा गठ्ठा, घरखर्चाच्या वह्या, आणि रुमालात गुंडाळलेली दोन पदके होती, समर सेवा स्टार आणि रक्षा पदक. पदकाच्या कडेवर कोरलेले नाव भिंगातून वाचून बाबा म्हणाले, "स्पेलिंग बरोबर आहे." पदकांविषयी यापेक्षा जास्त काही त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही.

कागद हातात आल्यावर मात्र त्यांचे बोलणे बदलले. एकेक कागद समोर घ्यायचा, तो कशामुळे जवळ राहिला हे सांगायचे, आणि मी ते लिहायचे, अशी पद्धत आपोआप पडली. त्यांनी एक अट घातली. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एक अक्षर हवे. कागदावर आधार असेल तिथे 'क', केवळ आठवण असेल तिथे 'आ', आणि दुसऱ्याकडून ऐकलेले असेल तिथे 'ऐ'. आठवण हा पुरावा नव्हे, असे ते म्हणत, आणि स्वतःच्या आठवणीलाही त्यात सवलत देत नसत. एखादा प्रसंग अगदी रंगात येऊन सांगत आणि शेवटी बोट उचलून म्हणत, "आ लिही."

या पद्धतीचा पहिला लाभ पदवीच्या प्रमाणपत्राने करून दिला. पेटीतली प्रत दुय्यम होती आणि तिच्यावर १९६२ सालची तारीख होती, म्हणजे पदवी मिळाल्यानंतर बऱ्याच काळाने काढलेली. मूळ प्रमाणपत्र कुठे गेले, असे विचारल्यावर कळले की ते पानशेतच्या पुरात गेले. त्या वेळी बाबा नारायण पेठेत भाड्याच्या खोलीत राहत होते. आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण पुरते व्हायच्या आधीच पावसाळ्यात भरू लागले होते, पाणी बाहेर सोडण्याच्या व्यवस्थेचे काम अपुरे होते, आणि १२ जुलै १९६१ च्या सकाळी धरण फुटले. त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचे जुने धरणही गेले. आदल्या रात्रभर सैन्याचे जवान धरणावर वाळूची पोती रचत होते. धरण त्यांना वाचवता आले नाही, पण फुटायला सकाळ उजाडली, आणि पुण्यात पाणी शिरले ते दिवसाउजेडी. माणसे पळू शकली ती त्यामुळे, असे बाबांचे ठाम मत होते. पुढे दीड-दोन वर्षांत ते सैन्यात गेले त्याचा या पोत्यांशी काही संबंध होता का, हे मी वेगवेगळ्या रीतीने विचारून पाहिले. त्यांनी होकार दिला नाही. आक्रमणानंतर सरकारने अभियंत्यांना आवाहन केले होते, खाते धारणाधिकार, म्हणजे मूळ पदावर परतण्याचा हक्क, राखून सोडत होते, म्हणून गेलो, एवढेच. मला तो संबंध दिसतो, पण लिहिलेला नाही, कारण त्याला समासात कुठलेच अक्षर लागू पडत नव्हते.

प्रशिक्षणाचा भाग लवकर आटपला. पुण्यात त्या काळापुरती उघडलेली अधिकारी प्रशिक्षण शाळा, मग दापोडीचे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय, खडकीला बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे सैन्यातल्या अभियंत्यांच्या दलाचे केंद्र. सगळे पुण्याच्या पाचसहा मैलांच्या परिघात. सैन्यात जाऊनही आपण मुळा ओलांडून फार लांब गेलो नाही, ही त्यांची आवडती तक्रार होती. १९६४ मध्ये लग्न झाले आणि पुढच्या वर्षी कंपनी पंजाबात गेली.

युद्धाविषयी बोलताना त्यांना जागा डोळ्यांपुढे लागे. मी टॅब्लेटवर खेमकरणचा उपग्रह नकाशा काढून दिला. रेल्वेमार्ग कुठला, भिखिविंडकडे जाणारा रस्ता कुठला, रोही नाला कुठून वाहतो, हे त्यांनी स्वतः शोधून काढले आणि मग असल उत्तरच्या परिसरावर बोट टेकवले. सप्टेंबरमध्ये तिथे ऊस आणि कापूस उभा असतो. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे खेमकरण घेऊन पुढे येत होते, आपल्या फौजा मागे सरून असल उत्तरभोवती मोर्चे धरत होत्या, आणि त्या मोर्च्यांपुढे रातोरात सुरुंग पेरायचे काम अभियंत्यांकडे होते. शेतांत पाणी सोडून जमीन दलदलीची केली होती, त्यात पॅटन रुतले, ही गोष्ट सगळ्यांनी वाचलेली असते. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत तिथे जे घडले ते इतिहासात आहे आणि हवालदार अब्दुल हमीद यांचे परमवीर चक्रही त्याच लढाईतले आहे. बाबांना त्या लढाईतले स्वतः पाहिलेले फार थोडे सांगता आले. रात्री सुरुंग वाहून न्यायचे, खड्डा करायचा, सुरुंग बसवून तो सज्ज करायचा, माती सारखी करायची आणि पुढे सरकायचे. उजाडले की धूर आणि आवाज, समोर ऊस, त्यापलीकडचे काही दिसत नाही. "लढाई दिसते ती वरच्या अधिकाऱ्याला, नकाशावर," असे ते म्हणाले.

ज्याविषयी ते तासन्‌तास बोलले ती गोष्ट युद्धविरामानंतरची होती. २३ सप्टेंबरला गोळाबार थांबला, आणि जे सुरुंग आपण पेरले ते आपणच काढायचे काम सुरू झाले. सुरुंग क्षेत्राची नोंद ठेवण्याची एक रीत असते. नकाशावर सापडेल अशी एक पक्की खूण धरायची, तिथून होकायंत्राने दिशा घ्यायची, अंतर मोजायचे, रांगा कुठे सुरू होतात, किती आहेत, कुठे वळतात, हे सगळे आराखड्यावर उतरवायचे. घाईत, अंधारात, पाण्याने भरलेल्या शेतात हे जमेल तितकेच जमते. मेसेज बुकातले ते पान मी पाहिले आहे. पेन्सिलीची अक्षरे पुसट झाली आहेत, एका कडेला चिखलाचा डाग आहे, आणि खूण म्हणून लिहिले आहे: रहाटाची विहीर. दुसरी खूण एक झाड होते आणि ते तोफेच्या गोळ्याने उडाले होते. विहीर राहिली. त्या एका विहिरीवरून त्यांनी दिशा धरल्या आणि जवानांना घेऊन, पालथे पडून, संगीन जमिनीत तिरकी टोचत एकेक सुरुंग शोधला. रणगाड्यासाठी पेरलेला सुरुंग माणसाच्या पावलाने सहसा उडत नाही, पण ट्रॅक्टरखाली उडतो, आणि शेताचे मालक बांधावर येऊन पेरणीसाठी खोळंबून बसले होते. ताश्कंद करारानंतर फौजा मागे घ्यायची मुदत २५ फेब्रुवारी १९६६ ही होती, त्यामुळे घाई तिकडूनही होती. जमिनीत आपण जे घालतो त्याचा ठावठिकाणा दुसऱ्याला वाचता येईल असा लिहून ठेवायचा, कारण काढायला येणारा माणूस आपण नसू, ही शिस्त त्यांनी तिथे उचलली आणि पुढे सगळीकडे पाळली. कालव्याखालून टाकलेला नळ असो वा आमच्या घराच्या अंगणातली नळाची जोडणी, तिचा भिंतीपासूनच्या अंतरासह काढलेला आराखडा त्यांच्याकडे असे.

नकाशे आणि तारखा जुळवत असताना एक गोष्ट अशी निघाली की त्यांनाही ती नव्याने कळली. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी झाली. म्हणजे ज्या धरणावर पुढे त्यांची उमेदीची वर्षे गेली त्याचा पाया घातला जात होता, तेव्हा ते असल उत्तरच्या उसात सुरुंग शोधत होते. त्यांनी तारीख दोनदा तपासून घेतली आणि खूश होऊन 'क' लिहायला सांगितले.

सैन्यातून मुक्त झाल्यावर ते खात्यात परतले. मधल्या वर्षांची ज्येष्ठता मोजली जावी म्हणून केलेल्या पत्रव्यवहाराची एक जाड फाइल पेटीत आहे. ती मी पूर्ण वाचली आणि या लेखात तिला एवढीच जागा देते; बाबांनी तिला तितकीही दिली नसती.

पैठणचा काळ मात्र त्यांनी खरोखर मोठ्या स्केलला सांगितला. गोदावरीवरचे सुमारे दहा किलोमीटर लांबीचे मातीचे धरण, मध्ये सत्तावीस दरवाजांचा सांडवा, आणि पुढे डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. पूर्ण भरले की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट, हा आकडा आजही पैठणच्या चहाच्या टपरीवर ऐकू येतो. धरण उभे राहायच्या आधी ही पातळी गावागावांत आखून दगड रोवायचे काम होते. एका गावात एका म्हातारीने त्यांना थांबवून विचारले, माझा उंबरठा पाण्यात जातो का? बाबांनी तिवईवर लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण लावली, खलाशाला (मोजणीतल्या मदतनिसाला) उंबरठ्यावर पट्टी धरायला सांगितली, वाचन घेतले, वहीत हिशेब केला आणि तिला सांगितले की उंबरठ्यावर साडेतीन हात पाणी येईल. ती म्हणाली, मग चौकट काढून न्यायला हवी. हा प्रसंग 'आ' आहे. लेव्हल बुकांच्या गठ्ठ्यात त्या गावाचे पान आम्ही शोधले. वाचने आहेत, उंबरठ्याचे वेगळे वाचन नाही. बुडीत गावांतल्या लोकांना त्या पाण्याचा लाभ किती मिळाला, याविषयी माझे मत त्यांच्याइतके निश्चिंत नव्हते, आणि आमची त्यावर वादावादीही झाली. त्यांनी हट्टाने एवढेच म्हटले की निदान तिला आकडा खरा सांगितला होता.

कालव्यांची कहाणी काळ्या मातीची आहे. ही माती भिजली की फुगते, वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर थेट काँक्रीटचे अस्तर घातले तर दोन पावसाळ्यांत फरश्या उचकटतात. मधे न फुगणाऱ्या मुरुमाचा दाबलेला थर लागतो. तो किती जाडीचा हवा, मुरूम कुठून आणायचा, ठेकेदार त्यात काळी माती कशी मिसळतो आणि ती मुठीत ओली करून कशी ओळखायची, हे त्यांनी मला कुंडीतली माती घेऊन करून दाखवले.

त्याच सुमारास १९७२ चा दुष्काळ आला आणि खात्यातले अभियंते दुष्काळी कामांवर लागले. राज्यभरातल्या या कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्त्यासाठी खडी फोडणे, दुपारी खायला सुकडी, आणि मजुरी मोजमापावर, म्हणजे अभियंत्याने मोजून मोजमाप पुस्तकात सहीनिशी नोंदवलेल्या कामावर. फोडलेली खडी ब्रासने (शंभर घनफुटांच्या मापाने) मोजायची आणि मातीकामाचा खड्डा मोजायचा तर मधोमध मूळ जमिनीचा एक खुंट तसाच सोडलेला असतो, त्याच्या उंचीवरून खोली धरायची. हे खुंट रात्रीतून उंच होत, म्हणजे कोणीतरी वर माती थापून ठेवी, म्हणजे खड्डा खोल दिसे आणि मजुरी वाढे. बाबांना ते लगेच ओळखू येई, कारण मूळ खुंटावर वाळलेले गवत असते आणि थापलेल्या मातीवर नसते. मग तुम्ही काय करत होतात, असे मी विचारले. बराच वेळ त्यांनी उत्तर दिले नाही. "मोजमाप पुस्तकात गवतापर्यंतचंच लिहिलं," ते म्हणाले, "पण मुकादमाला सांगितलं की हजेरीपटावर एकही नाव गाळायचं नाही." याला समासात काय लिहायचे, हेही मी विचारले. "आ," ते म्हणाले, "पहिला भाग क."

घराचा भाग शेवटी आला. पंजाबातून आलेली त्यांची पत्रे आईने बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती. पत्त्यात गाव नसे, '५६ एपीओ' एवढा सैनिकी टपालाचा पत्ताच असे, आणि मजकुरात घरभाडे, रॉकेल, रेशनकार्डावर नाव चढवणे आणि विम्याचा हप्ता. एकाही पत्रात युद्ध नाही. ते कसे लिहिणार, पत्रे तपासली जात, असे बाबा म्हणाले. पण तपासणारा 'मला तुझी आठवण येते' हे वाक्य काही खोडत नव्हता, आणि तेही कुठे नाही. आमच्या शाळा पैठण, परभणी, नांदेड अशा बदलत गेल्या. प्रत्येक बदलीला आई ट्रकमध्ये सामान कसे भरायचे याची यादी त्यांच्या अक्षरात घेऊन उभी असे, आणि ते नव्या जागी आधीच रुजू झालेले असत.

पेटीच्या तळाशी घरखर्चाच्या वह्यांच्या खाली एक वेगळी वही निघाली. निवृत्तीनंतर आईला पक्षाघात झाला आणि पाच वर्षे ती अंथरुणावर होती. शुश्रूषेला बाई होती, आम्ही आळीपाळीने जात होतो, पण रात्र बाबांची होती. ती वही त्या रात्रींची आहे. लांब पान, पट्टीने आखलेले स्तंभ: वेळ, कुशी डावी का उजवी, पाणी किती, औषध, लघवी, झोप. दर दोन तासांची नोंद, शाई निळी, कुठेही खाडाखोड नाही. एका बाजूला 'शेरा' असा स्तंभ आहे आणि तो बहुतेक कोरा आहे. जिथे भरलेला आहे तिथे 'हसली', 'माझे नाव घेतले', 'रेडिओ लाव म्हणाली असे वाटले, खात्री नाही' अशा नोंदी आहेत. आईला त्या सगळ्या काळात पाठीला एकही जखम झाली नाही, हे तिला तपासायला येणारे डॉक्टर आम्हाला कौतुकाने सांगत. त्यामागे ही वही होती हे आम्हाला माहीत नव्हते.

मी या वहीवर एक प्रकरण लिहिले आणि त्यातले एक पान जसेच्या तसे छापायला घेतले. बाबांनी ते वाचून नापसंत केले. इतर सगळ्या मजकुरात त्यांनी सनावळी आणि मोजमापे सोडून काही बदलले नव्हते, इथे मात्र ते अडून बसले. हा घरातला कागद आहे, तो कामाचा कागद नाही, असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, कुटुंबासाठीच तर लिहितो आहोत. बरेच दिवस हा विषय आमच्यात उघडाच राहिला. मजकूर पुरा होऊन त्याच्या प्रती भावंडांकडे गेल्या त्यानंतर बाबा वर्षभर होते, आणि त्यांना भेटायला येणारा प्रत्येक जण याच प्रकरणाविषयी बोले, त्याचाही त्यांना थोडा त्रास झाला.

प्रत तयार करताना शेवटी त्यांनीच तोडगा काढला. प्रकरण ठेव, पण माझी हरकत नोंदवून ठेव. त्या पानाच्या समासात त्यांच्या थरथरत्या अक्षरात 'क' आहे, आणि त्याखाली दोन ओळी: 'नोंदी बरोबर आहेत. चरित्राशी संबंध नाही.' पुढे तारीख आणि सही, मोजमाप पुस्तकात करत तशी, पूर्ण नावाची.